हापूसची पेटी ऑनलाइन विकताना: फेसबुक आणि गुगलच्या जाहिरातींचा हिशेब आणि वेळापत्रक

हापूसची जाहिरात करणाऱ्याच्या हातात मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा-अकरा आठवडे असतात. त्यातही सुरुवातीला माल कमी आणि भाव चढा, तर शेवटी माल भरपूर आणि डोक्यावर पाऊस. टी-शर्ट विकणारा निवांतपणे म्हणू शकतो, की महिनाभर चाचण्या करू आणि मग बजेट वाढवू. आंब्यात महिनाभर चाचण्या करत बसलात तर तोवर अक्षय्य तृतीया होऊन गेलेली असते. म्हणून इथे आधी पेटीमागचा हिशेब, मग जानेवारीतली तयारी आणि त्यानंतर जाहिरात, असाच क्रम ठेवावा लागतो.

पेटीमागे किती परवडतं?

अडीचशे ग्रॅमच्या फळाचा दोन डझनांचा बॉक्स घरपोच २,६०० रुपयांना विकताय, असं धरू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला, पण एकही ओळ गाळू नका.

फळ १,३०० रुपये
बॉक्स, पेंढा, टेप ११०
कुरिअर २४०
पेमेंट गेटवे (२ टक्के आणि त्यावर जीएसटी) ६१
खराब फळांच्या भरपाईसाठी राखीव १००
पॅकिंगची मजुरी आणि फोन-व्हॉट्सॲप सांभाळणारं माणूस ६०

बेरीज १,८७१. उरले ७२९. यातून जाहिरात आणि नफा दोन्ही काढायचे आहेत.

आता खोच बघा. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताज्या फळांवर जीएसटी नाही, म्हणून हा भरलेला कर त्या विक्रीपोटी परतही मिळत नाही. आंबा पोळी किंवा रस विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. ताजं फळ विकणाऱ्याला हे १८ टक्के सरळ खर्चात धरावे लागतात. जाहिरात खात्याच्या डॅशबोर्डवर मात्र हा कर धरलेला नसतो. तिथे ऑर्डरमागे ३२० रुपये दिसले, तर खिशातून ३७८ गेलेले असतात.

बॉक्समागे किमान ३५० रुपये सुटायला हवे असतील, तर डॅशबोर्डवरचा ऑर्डरमागचा खर्च ३२० च्या वर जाता कामा नये. ना नफा ना तोटा ही रेषा ६१८ वर येते. २,६०० ला ६१८ ने भागा: ४.२. एजन्सीवाले ज्या "चार रोआस"वर पाठ थोपटून घेतात, तिथे तुमचा प्रत्येक बॉक्स तोट्यात जातोय. रोआस म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली, एवढंच. नफा त्यात कुठेच मोजलेला नसतो.

हंगामाच्या सुरुवातीला हे गणित आणखी फसवं होतं. मार्चमध्ये तोच बॉक्स ५,००० ला जातो, पण बागेतच फळ ३,४०० ला पडतं. बाकीचे खर्च आणि महागड्या फळाची वाढीव भरपाई धरली तर जेमतेम साडेआठशे उरतात, आणि ना नफा ना तोटा रेषा सातच्या रोआसवर जाते. म्हणून सबंध हंगामाला एकच रोआसचं लक्ष्य देऊ नये. भावाच्या प्रत्येक टप्प्याला "ऑर्डरमागे जास्तीत जास्त इतके रुपये" असा आकडा काढून भिंतीवर चिकटवा.

सबंध हंगामाचं बजेटही याच आकड्यावरून, म्हणजे मालावरून काढायचं. पाचशे बॉक्स विकायचे आहेत, त्यातले दीडशे जुनी गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर मागवतात, तर जाहिरातीवर साडेतीनशे राहिले. ३५० गुणिले ३२० म्हणजे १,१२,०००. कर धरून १,३२,१६०. "दिवसाला हजार रुपये लावून बघू" हा बेत नव्हे, जुगार आहे.

जानेवारी-फेब्रुवारीतली कामं

मोहोर टिकला, कणी धरली, की जाहिरातीच्या कामाला लागायचं. पहिलं काम खातं जागं करण्याचं. नवीन ॲड अकाउंटला मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) दिवसाच्या खर्चाची मर्यादा घालून देते आणि ती खर्च-भरणा सुरळीत दिसला की हळूहळू वाढते. एप्रिलमध्ये नवं खातं उघडून पहिल्याच दिवशी दहा हजार लावू म्हणाल तर जमणार नाही. जानेवारीपासून रोज दोनशे रुपयांची साधी जाहिरात चालू ठेवा: बागेचे, मोहोराचे, फळधारणेचे व्हिडिओ. व्यवसायाची पडताळणी याच काळात उरकून घ्या. पैसे भरायचा दुसरा मार्गही खात्याला जोडून ठेवा, कारण कार्ड नेमकं शनिवारी रात्री नाकारलं जातं आणि सोमवारपर्यंत जाहिरात बंद पडते.

दुसरं काम पिक्सेल, म्हणजे खरेदीची नोंद मेटाकडे पाठवणारा वेबसाइटवरचा कोड, तपासण्याचं. नऊ महिने वेबसाइटला कुणी हात लावलेला नसतो, मध्ये थीम बदललेली असते, आणि खरेदीची नोंद जाणं केव्हाच थांबलेलं असतं. वेबसाइटवर एक रुपयाची चाचणीची वस्तू टाकून ती स्वतः खरेदी करा आणि मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये नोंद आली का ते बघा. पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय (तीच नोंद सर्व्हरवरून पाठवणारी सोय) दोन्ही लावले असतील तर दोन्हींकडून एकाच खरेदीचा इव्हेंट आयडी (नोंदीचा क्रमांक) तोच जातोय ना, याची खात्री करा. तो जुळला नाही तर एक ऑर्डर दोनदा मोजली जाते. गेटवेवर वीस ऑर्डर आणि डॅशबोर्डवर चाळीस, असं दिसलं की आधी इथेच बघायचं. तोवर ३२० वाटणारा खर्च खरं तर ६४० असतो.

तिसरं काम जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. वेबसाइटवर येऊन गेलेल्यांना मेटा जास्तीत जास्त १८० दिवस लक्षात ठेवते. गेल्या मे महिन्यात खरेदी केलेला माणूस या मार्चमध्ये पिक्सेलच्या यादीत उरलेलाच नसतो. त्यामुळे "गेल्या वर्षीचे खरेदीदार" असा गट पिक्सेलवरून बनवलात तर तो रिकामा निघेल. ऑर्डरच्या नोंदीतून नाव, मोबाइल, ईमेल, पिनकोड काढून ती यादी हाताने अपलोड करावी लागते. मोबाइल नंबरच्या आधी ९१ लावा, नाहीतर जुळणी घसरते. ज्यांनी "संपर्क नको" म्हटलंय त्यांना आधीच वगळा. गुगलची स्मरणशक्ती त्यामानाने बरी. तिथे वेबसाइटच्या पाहुण्यांची यादी ५४० दिवस टिकते.

ही यादी तीन ठिकाणी कामी येते. जुन्यांना आगाऊ बुकिंगची जाहिरात दाखवायला. त्यांच्यासारखे नवे लोक शोधायला, म्हणजे लुकअलाइकसाठी. त्याला एका देशातली किमान शंभर माणसं लागतात, पण शंभरावर भागवू नका, हजार असतील तर निकाल दिसतो. आणि नव्या गिऱ्हाइकांच्या कॅम्पेनमधून जुन्यांना वगळायला. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत. मग जो माणूस तसाही फोन करून दोन पेट्या मागवणारच होता, त्याने जाहिरात नुसती पाहिली तरी ती ऑर्डर जाहिरातीच्या नावावर जमा होते. मेटाचा ठरलेला हिशेब क्लिकनंतर सात दिवस आणि नुसतं पाहिल्यावर एक दिवस असा असतो. अहवालात फक्त क्लिकवाल्या ऑर्डरी वेगळ्या काढून बघत जा.

जाहिरातीत काय दाखवायचं?

पिवळाधमक, कापलेला, रस ओघळणारा आंबा सगळेच दाखवतात. घरी मात्र कडक, हिरवट फळ येतं आणि तासाभरात "कच्चे आंबे पाठवलेत" असा मेसेज पडतो. चौदा आणे तयार (जवळपास पूर्ण वाढलेलं) फळ काढून अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून, ठेवलं तर पिकायला आठ-दहा दिवस जातात. तीन-चार दिवसांनी पाठवलंत तर उरलेले चार-पाच दिवस ते गिऱ्हाइकाच्या घरी पिकणार. हे जाहिरातीतच दाखवा. पंधरा-वीस सेकंदांचा उभा व्हिडिओ पुरतो: पहिल्या तीन सेकंदांत बॉक्स उघडणारे हात आणि पेंढ्यातलं हिरवट फळ, मग वजनकाट्यावर एक फळ आणि २५० चा आकडा, मग तेच फळ पाच दिवसांनी कापताना. "पहिल्या दिवशी असं, पाचव्या दिवशी असं" एवढी एक ओळ. अशा व्हिडिओवर क्लिक थोडे कमी येतील, पण परताव्याचे फोनही कमी येतील.

हे चित्रण गेल्या मे महिन्यातच करून ठेवलेलं हवं. मार्चमध्ये दाखवायला पिकलेलं फळ नसतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी निदान यंदा मे महिन्यात तीन-चार तास राखून ठेवावेत.

साक्याचं काय? वरून सुरेख आणि आत पांढरट-आंबट, स्पंजसारखा गर. साका बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा "एकही फळ खराब निघणार नाही" असं लिहूच नका. "कापलेल्या फळाचा फोटो २४ तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत" हे वाक्य विकतंही जास्त आणि पाळताही येतं. वरच्या हिशेबातले शंभर रुपये त्यासाठीच आहेत.

"रत्नागिरी" किंवा "देवगड" लिहायचं तर फळ तिथलंच हवं. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं आहे आणि त्याचं बोधचिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येतं. कर्नाटकी फळ मिसळण्याच्या प्रकारांमुळे गिऱ्हाईक संशयानेच बघतं; त्यामुळे बागेचं गाव, तोडणीची तारीख आणि फळावरचा सांकेतिक स्टिकर असेल तर तो, हे तिन्ही जवळून दाखवा. "कार्बाइडमुक्त" ही काही खास खूण नव्हे, कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदीच आहे. "मधुमेहींना चालतो" असले दावे तर नकोच. जाहिरात नाकारली जाते आणि ऐन हंगामात खात्यावर डाग लागतो.

किंमत जाहिरातीत लिहावी का? महागड्या वस्तूत लिहावी, म्हणजे फुकटचे क्लिक टळतात. पण आंब्याचा भाव दर आठवड्याला उतरतो, आणि जाहिरातीतला मजकूर बदलला किंवा नवी जाहिरात घातली की मेटाचा ॲड सेट (एकाच गटाला दाखवायच्या जाहिरातींचा संच) कोण खरेदी करेल ते पुन्हा शिकायला लागतो. मधला मार्ग असा: हंगामाचे तीन भाव-टप्पे ठरवा, प्रत्येकाच्या जाहिराती आधीच तयार ठेवा आणि हंगामात फक्त दोनदा बदला. रोजचा फरक वेबसाइटवर जुळवून घ्या, पण जाहिरातीपेक्षा पानावर भाव जास्त कधीही नको.

मेटावरची मांडणी

ॲड सेटला नीट शिकायला आठवड्याला सुमारे ५० नोंदी लागतात. ऑर्डरमागे ३२० रुपयांनी ५० खरेद्या म्हणजे आठवड्याला १६,०००, दिवसाला साधारण २,३००. एवढं बजेट असेल तर खरेदी हेच लक्ष्य देऊन चालवा. नसेल तर पहिले दहा दिवस "चेकआउट सुरू केलं" या नोंदीवर चालवा आणि मग खरेदीवर या. क्लिकवर किंवा पेज व्ह्यूवर चालवू नका. मेटा तुम्हाला क्लिक करणारी माणसं आणून देईल, आंबे घेणारी नव्हे.

बजेट थोडकं असताना पाच शहरांचे पाच ॲड सेट करणं ही सर्रास दिसणारी चूक. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात सात-आठ ऑर्डरी येतात आणि कुणीच शिकत नाही. एक कॅम्पेन नव्या लोकांसाठी, एक जुन्यांसाठी, बस. नव्यांच्या कॅम्पेनमध्ये ज्या पिनकोडला कुरिअर दोन दिवसांत पोचतं तेवढाच प्रदेश, आणि आत तीन-चार वेगवेगळे व्हिडिओ. "मँगो"मध्ये रस असलेले वगैरे बारकावे निवडत बसू नका. बजेट वाढवायचं तर एका वेळी वीसेक टक्के, दोन-तीन दिवसांच्या अंतराने.

व्हॉट्सॲपवर नेणाऱ्या जाहिराती आंब्याला चांगल्या चालतात, कारण लोकांना विचारून घ्यायचं असतं. पण तिथे स्वस्त दिसतं ते संभाषण, ऑर्डर नव्हे. समजा संभाषण २५ रुपयांना पडलं आणि शंभरांतल्या आठांनी पैसे भरले, तर ऑर्डर ३१२ ला पडली. आठच्या जागी पाच झाले की ५००. फरक पडतो तो उत्तर किती लवकर जातं यावर. पहिल्याच मेसेजमध्ये फळाचं वजन, डझन, घरपोच किंमत, पोचायची तारीख आणि पेमेंट लिंक, सगळं जायला हवं. रात्री अकरानंतर उत्तर देणारं कुणी नसेल तर त्या वेळेत ही जाहिरात बंद ठेवा. वेळ ठरवण्याची सोय एकूण कालावधीचं बजेट दिलं की मिळते.

कॅश ऑन डिलिव्हरी देऊ नका. परत आलेला टी-शर्ट पुन्हा विकता येतो, परत आलेली पेटी फेकावी लागते.

गुगल

मेटा इच्छा जागवते. गुगलवर माणूस स्वतःहून शोधत येतो. तिथे सर्च कॅम्पेनपासूनच सुरुवात करा. "रत्नागिरी हापूस ऑनलाइन", "देवगड हापूस पुणे", "अल्फान्सो होम डिलिव्हरी" असे शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे घाला. रोमनमध्ये लोक हापूसचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे करतात, तेही. जुळणी एक्झॅक्ट (तोच शोध) किंवा फ्रेज (त्या शब्दांचा अर्थ सामावणारा शोध) ठेवा.

नकोशा शब्दांची यादी पहिल्याच दिवशी भरायची: कलम, रोप, नर्सरी, आजचा भाव, बाजारभाव, घाऊक, एपीएमसी, रेसिपी, आइस्क्रीम, पल्प, फोटो, माहिती, निबंध. मग पहिला आठवडाभर रोज सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधलं त्याचा, अहवाल उघडून यादीत भर घाला. "हापूस आंबा बाजारभाव" शोधणारा बहुधा शेतकरी किंवा व्यापारी असतो आणि त्याच्या क्लिकचे पैसे तुम्हीच भरता.

स्थानाच्या सेटिंगमध्ये गुगल आपणहून "या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले" असं धरतं. ते बदलून फक्त "असलेले" करा. अपवाद एकच, आणि तो कमाईचा आहे: दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा मुलगा पुण्यात आई-बाबांना पेटी पाठवू बघतो. त्याच्यासाठी वेगळं कॅम्पेन काढा. तिथले देश निवडा, जाहिरातीत "पुण्या-मुंबईत घरपोच" ठळक लिहा आणि गेटवेवर परदेशी कार्ड चालतं का ते आधी तपासा. ही माणसं भावाची घासाघीस करत नाहीत, पण पेटी पोचल्याचा फोटो मागतात.

गुगल रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत एका दिवसात खर्च करू शकतं. महिन्याच्या हिशेबात ते जुळवून घेतं. तुमच्याकडे माल आठवड्यापुरताच मोजका असेल तर हे ध्यानात ठेवून आकडा टाका. परफॉर्मन्स मॅक्सच्या, म्हणजे गुगलच्या सगळ्या जागांवर आपोआप चालणाऱ्या कॅम्पेनच्या, नादी पहिल्या वर्षी लागू नका. त्याला शिकायला खरेद्यांची रास लागते आणि तेवढा वेळ हंगामात नसतो.

बजेटची दोरी अढीला बांधा

इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. रोज संध्याकाळी बागेतून तीन आकडे घ्यायचे: अढीत किती डझन आहे, पुढच्या चार दिवसांत तोड किती होईल, आणि पैसे भरून थांबलेल्या ऑर्डरी किती. पहिल्या दोहोंची बेरीज वजा तिसरा आकडा, एवढंच विकायला शिल्लक. ते दोन दिवसांच्या ऑर्डरींपेक्षा कमी झालं की बजेट तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवा. कॅम्पेन पार बंद करू नका, कारण लांब बंद ठेवून पुन्हा चालू केलं की शिकणं नव्याने सुरू होतं. त्याऐवजी पानावर पोचायची तारीख पुढे ढकला. तारीख लांबली की ऑर्डरी आपोआप मंदावतात आणि ज्या येतात त्या समजून-उमजून येतात.

अवकाळी पाऊस किंवा वाऱ्याने फळगळ झाली तर बजेट त्याच दिवशी उतरवायचं, "उद्या बघू" नाही. परत कराव्या लागलेल्या ऑर्डरीवर जाहिरातीचे ३७८ रुपये गेलेलेच असतात, वर गेटवेचं शुल्कही बहुधा परत मिळत नाही.

अक्षय्य तृतीया

तिथी फिरते: २०२४ मध्ये १० मे, २०२५ मध्ये ३० एप्रिल. ती एप्रिलमध्ये आली तर माल तुटपुंजा आणि भाव चढा. मेमध्ये आली तर उलट. गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच्या तसं उचलायचं नाही.

उलटं मोजा. सणाच्या दिवशी ताटात पिकलेलं फळ हवं तर ते झाडावरून नऊ-दहा दिवस आधी निघायला हवं आणि घरी चार दिवस आधी पोचायला हवं. म्हणजे जाहिरात सणाच्या सोळा-सतरा दिवस आधी सुरू, मुंबई-पुण्यासाठी सहा दिवस आधी बंद, नागपूर-बेंगळुरूसाठी आठ दिवस आधी. रविवारी कुरिअर उचलत नाही, तोही दिवस मोजा. शेवटच्या दोन दिवसांत सगळेच विक्रेते बजेट ओततात, जाहिरात महागते आणि आलेली ऑर्डर वेळेत पोचतही नाही. तेव्हा त्या दोन दिवसांत नव्यांचं कॅम्पेन निम्म्यावर आणा आणि "सणानंतरच्या आठवड्यात, उतरलेल्या भावात" ही जाहिरात पुढे करा. गुगलवर स्मार्ट बिडिंग (जाहिरातीची बोली गुगलनेच ठरवणं) चालू असेल तर सीझनॅलिटी ॲडजस्टमेंटची, म्हणजे विक्री अचानक वाढणार हे गुगलला आधी कळवण्याची, सोय वापरता येते, पण ती एक ते सात दिवसांच्या उसळीसाठी आहे. दोन महिन्यांच्या हंगामाला ती लावायची नसते.

मेचा उत्तरार्ध

भाव उतरतो, बॉक्समागची शिल्लकही आटते, म्हणून ऑर्डरमागच्या खर्चाची मर्यादा पुन्हा काढा. दोन डझनांचा बॉक्स १,५०० वर आला की नव्या गिऱ्हाइकामागे ३२० खर्चणं बहुधा परवडत नाही. तेव्हा पाच डझनांची पेटी पुढे करा. कुरिअर आणि पॅकिंग डझनामागे कमी पडतं आणि जाहिरातीला जागा उरते. जुन्यांसाठीचं कॅम्पेन मात्र शेवटच्या तोडीपर्यंत चालू राहू द्या. एकदा खाल्लेल्याला दुसरी पेटी विकणं हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

पावसाचा अंदाज आला की नव्यांचं कॅम्पेन शेवटच्या पाठवणीच्या पाच दिवस आधी बंद करा. मग ऑर्डरींची फाइल उतरवून घ्या: नाव, मोबाइल, ईमेल, पिनकोड, किती डझन, कितव्या आठवड्यात, तक्रार आली का. व्हॉट्सॲपवर आणि फोनवर आलेल्या ऑर्डरीही त्यातच घाला, कारण त्या ना पिक्सेलला माहीत असतात ना गुगलला. सर्च टर्म्सचा अहवाल आणि नकोशा शब्दांची यादी वेगळी जपून ठेवा. आणि फळ आहे तोवर कॅमेरा काढा: पुढच्या मार्चच्या जाहिरातीला पिकलेला आंबा याच आठवड्यात मिळणार आहे.